हिवाळ्यातील दिल्ली : उबदार कपड्यांची निवड आणि बांधाबांध

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा दिल्लीतील कडाक्याच्या थंडीचा काळ. नाताळची सुटी, प्रजासत्ताक दिनाचे संचलन, विवाहसमारंभ, परीक्षा किंवा कार्यालयीन कामकाज अशा विविध निमित्तांनी याच काळात महाराष्ट्र आणि गोव्यातून अनेक प्रवासी राजधानीत येतात. मुक्काम बहुधा तीन-चार दिवसांचा असतो. मात्र घरून आणलेले कपडे अपुरे पडल्यामुळे पहिला दिवस स्वेटरच्या खरेदीत आणि उरलेले दिवस सर्दी-खोकल्यात जाण्याचे प्रसंग अनेकांवर येतात. लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णांसाठी ही गैरसोय धोक्याचीही ठरू शकते.

दिल्लीच्या थंडीचे स्वरूप

महाराष्ट्राला थंडी अपरिचित नाही. निफाड आणि नाशिक परिसरात पहाटेचा पारा अनेकदा चांगलाच घसरतो. मात्र तेथे सूर्य वर आला की गारठा ओसरतो आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. दिल्लीत जानेवारी महिन्याचे सरासरी किमान तापमान ७ ते ८ अंश सेल्सिअस आणि कमाल तापमान २० अंशांच्या आसपास असते. हे आकडे फारसे भीतिदायक वाटत नाहीत. परंतु धुके दिवसभर टिकल्यास ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि दुपारही पहाटेसारखीच गार राहते. ३० डिसेंबर २०१९ रोजी सफदरजंग वेधशाळेत कमाल तापमान केवळ ९.४ अंश नोंदवले गेले होते. त्या दिवशी किमान नव्हे, तर दिवसभरातील सर्वाधिक तापमान दहा अंशांखाली होते.

किमान तापमानाच्या नोंदीही लक्षात घेण्यासारख्या आहेत. सफदरजंग येथे १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ अंश, ८ जानेवारी २००६ रोजी ०.२ अंश, तर १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश तापमानाची नोंद झाली. तुलनेसाठी, मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश असून ते २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदवले गेले. म्हणजे मुंबईचा विक्रमी गारठा ही दिल्लीतील जानेवारीची नेहमीची पहाट होय.

बातम्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा अर्थ ठाऊक असल्यास तयारी करणे सोपे जाते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार, मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेल्यास थंडीची लाट मानली जाते. सरासरी कितीही असो, पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आल्यास ती थंडीची लाट आणि २ अंशांवर किंवा त्याखाली आल्यास तीव्र लाट समजली जाते. ‘थंड दिवस’ ही संज्ञा मात्र कमाल तापमानाशी संबंधित आहे. पर्यटकांसाठी हाच इशारा अधिक महत्त्वाचा, कारण त्यांचा बहुतेक वेळ दिवसा आणि घराबाहेर जातो.

या दिवसांत भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे उत्तर भारतात अधूनमधून पाऊसही पडतो. ढग असेपर्यंत रात्र काहीशी उबदार राहते. आकाश निरभ्र होऊन वायव्येकडील वारे वाहू लागले की तापमान झपाट्याने उतरते. त्यामुळे पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत अधिक काळजी घ्यावी लागते.

घरातील गारठा

दिल्लीतील बहुसंख्य घरे आणि साध्या निवासगृहांत संपूर्ण इमारत उबदार ठेवण्याची सोय नसते. भिंती आणि फरश्या उन्हाळ्यात गारवा मिळावा अशा दृष्टीने बांधलेल्या असतात. हिवाळ्यात त्याच थंडी धरून ठेवतात. दुपारी रस्त्यावरच्या उन्हात बरे वाटते आणि खोलीत शिरताच हुडहुडी भरते, असा अनुभव नवख्या प्रवाशांना येतो. म्हणूनच घरात घालण्याचे गरम कपडे, जाड पायमोजे आणि बंद सपाता यांना सामानात वेगळी जागा द्यावी. निवासाची नोंदणी करतानाच रजई, गरम पाणी आणि विजेवरील हीटर यांविषयी चौकशी करणे श्रेयस्कर.

एका जाड कोटापेक्षा तीन थर

कपडे स्वतः उष्णता निर्माण करत नाहीत. ते शरीराची उष्णता अडवून धरतात. हे काम प्रत्यक्षात धाग्यांमध्ये आणि कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. त्यामुळे एका जड कोटापेक्षा एकावर एक घातलेले तीन हलके कपडे अधिक उपयोगी पडतात. ऊन आले की एक थर उतरवता येतो आणि सायंकाळी पुन्हा चढवता येतो.

पहिला थर अंगालगतचा. बाजारात ‘थर्मल’ किंवा ‘इनर’ या नावाने मिळणारा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायजमा त्यासाठी योग्य. तो अंगाबरोबर बसावा, मात्र आवळणारा नसावा. केवळ सुती गंजीफ्रॉकवर भिस्त ठेवू नये. सुती कापड घाम शोषून ओले राहते, आणि ओलाव्यातून शरीराची उष्णता कोरड्या हवेच्या तुलनेत कितीतरी वेगाने बाहेर जाते. मेट्रोची गर्दी आणि जिन्यांची चढउतार यांमुळे घाम येतो. बाहेर पडल्यावर तोच घाम थंडी वाजण्याचे कारण ठरतो.

दुसरा थर लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचा. लोकरीच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असल्याने त्यांत हवा भरपूर अडकते. शिवाय लोकर बरीच आर्द्रता शोषूनही अंगाला ओली लागत नाही. धुक्याने दमट झालेल्या हवेत हा गुण विशेष मोलाचा ठरतो. समोरून उघडणारा स्वेटर घालण्या-काढण्यास सोयीचा.

तिसरा थर वारा अडवणाऱ्या जाकिटाचा. विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो. रिक्षातून किंवा दुचाकीवरून जाताना केवळ स्वेटर अपुरा पडतो तो यामुळेच. जाकीट थोडे सैल असावे, म्हणजे आतील थर दबत नाहीत. त्याला टोपी असल्यास हलक्या पावसातही निभावते.

साडी नेसणाऱ्या स्त्रियांसाठी परकराखाली थर्मलचा पायजमा, पूर्ण बाह्यांचा लोकरी ब्लाऊज आणि वर शाल किंवा लांब कोट ही रचना सोयीची ठरते. लोकरी ब्लाऊज घालण्याची पद्धत दिल्लीत रूढ असून ते तेथील बाजारात सहज मिळतात. चपलांऐवजी पायमोजे आणि बंद बूट वापरणे मात्र आवश्यक आहे.

कान, हात आणि पाय

कानटोपी, मफलर आणि हातमोजे या वस्तू आकाराने लहान असल्याने बांधाबांधीत हमखास विसरतात. पायांसाठी बूट किंचित सैल असावेत. घट्ट बुटांत पायमोज्यांचे दोन जोड कोंबल्यास रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गार पडतात.

राजधानीतील अनेक स्थळी पादत्राणे काढावी लागतात. राजघाट, जामा मशीद, कमळ मंदिर आणि गुरुद्वारा बंगला साहिब ही त्यांपैकी काही प्रमुख ठिकाणे. गुरुद्वारात डोके झाकणे बंधनकारक असते. तेथे प्रवेशद्वाराशी पाय धुण्यासाठी पाणी वाहते ठेवलेले असते. म्हणून कोरड्या पायमोज्यांचा एक जोड आणि लहान पंचा पिशवीत बाळगावा. गार संगमरवरावरून ओल्या पायांनी चालणे लहान मुले आणि मधुमेहाच्या रुग्णांनी टाळावे.

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी येणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. कर्तव्य पथावर सुरक्षेच्या कारणास्तव पिशव्या नेता येत नाहीत आणि प्रेक्षकांना पहाटेच निघून कित्येक तास एका जागी बसावे लागते. जे अंगावर असेल तेवढेच तेथे उपयोगी पडते. त्यामुळे तिन्ही थर, कानटोपी आणि हातमोजे घालूनच बाहेर पडावे.

प्रवासातील सामान

मुंबई, पुणे किंवा गोव्याहून निघणारी गाडी उबदार हवेत सुरू होते आणि ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा या टप्प्यात धुक्यात शिरते. दृश्यमानता २०० मीटरपेक्षा कमी झाल्यास दाट आणि ५० मीटरपेक्षा कमी झाल्यास अतिदाट धुके मानले जाते. अशा वेळी गाड्यांना काही तासांचा विलंब होणे नित्याचे आहे. शयनयान डब्यात रेल्वेतर्फे पांघरूण मिळत नाही. म्हणून स्वेटर, शाल, कानटोपी आणि पायमोजे मोठ्या बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावेत. परतीच्या प्रवासात फलाटावर थांबावे लागण्याची शक्यता गृहीत धरून हीच दक्षता घ्यावी.

विमान प्रवाशांना देशांतर्गत मार्गांवर साधारणतः ७ किलोंपर्यंतची एक हातबॅग नेता येते. जाकीट आणि बूट या सर्वांत जड वस्तू अंगावर घातल्यास वजन आणि जागा दोन्हींची बचत होते. स्वेटर गुंडाळून वळकटीसारखे ठेवावेत आणि पायमोजे बुटांच्या आत भरावेत. धुक्यात विमान उशिरा सुटल्यास किंवा अन्यत्र वळवले गेल्यास एक उबदार कपडा हाताशी असणे उपयुक्त ठरते.

चार दिवसांच्या मुक्कामासाठी एका प्रौढ व्यक्तीस पुढील कपडे पुरेसे होतात : थर्मलचे दोन संच, एक पूर्ण बाह्यांचा आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर, एक जाकीट, जाड कापडाच्या दोन विजारी, लोकरी पायमोज्यांचे तीन जोड, कानटोपी, मफलर, हातमोजे, शाल आणि बंद बूट. धुके असताना धुतलेले कपडे दिवसभरात वाळत नाहीत. म्हणून अंतर्वस्त्रे मुक्कामाच्या दिवसांइतकी न्यावीत. त्वचा आणि ओठ फुटू नयेत यासाठी पेट्रोलियम जेली सोबत असावी.

हिवाळ्यात दिल्लीतील हवेचे प्रदूषणही वाढते. हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या पुढे गेल्यास हवा ‘गंभीर’ श्रेणीत मोडते. मफलर तोंडाभोवती गुंडाळल्याने थंडी अडते, परंतु सूक्ष्म धूलिकण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ प्रकारचा मास्क आवश्यक आहे. दम्याच्या रुग्णांनी आपली औषधे हातबॅगेत ठेवावीत.

खरेदी करताना

कपडे कमी पडल्यास दिल्लीत खरेदीची सोय आहे. तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर बाजार महाराष्ट्रातील अनेक शहरांतही हिवाळ्यात भरतात. त्यामुळे निघण्यापूर्वीच खरेदी करणे शक्य असते. लोकर म्हणून विकले जाणारे अनेक कपडे प्रत्यक्षात ॲक्रिलिकचे असतात. ते हलके आणि स्वस्त असतात, वापरण्यासही हरकत नाही. मात्र लोकरीची किंमत त्यांसाठी मोजू नये. वेगळा काढलेला एखादा धागा जाळून पाहिल्यास फरक कळतो. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कठीण गुठळी बनते.

पश्मिना ही लडाखच्या चांगथांग भागातील शेळ्यांच्या अंगावरील मऊ लव असते. हाताने कातून विणलेली खरी पश्मिना शाल पदपथावर काही शे रुपयांत मिळणे संभवत नाही. ‘शहातूश’ शाली मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नयेत. त्या तिबेटी काळविटाची हत्या करून मिळवलेल्या लोकरीपासून बनतात आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्यांच्या खरेदी-विक्रीस बंदी आहे.

आरोग्य आणि सुरक्षितता

थंडीमुळे त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे वृद्धांनी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी पहाटेची भटकंती टाळावी. जानेवारीच्या आरंभी दिल्लीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. स्थलदर्शनाचा कार्यक्रम दहानंतर आखल्यास काहीही बिघडत नाही. मद्यपानाने उबदार वाटते, परंतु त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीराची उष्णता प्रत्यक्षात घटते. लहान बाळांना मोठ्यांपेक्षा एक थर अधिक घालावा, मात्र झोपताना त्यांचे तोंड झाकू नये.

शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली जाणे ही वैद्यकीय आणीबाणी होय. अनावर कापरे भरणे, बोलणे अडखळणे, गुंगी येणे ही तिची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीचे ओले कपडे काढून तिला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. कापरे थांबले तरी गुंगी वाढत असल्यास प्रकृती सुधारली असे समजू नये.

सर्वांत गंभीर धोका मात्र बाहेरच्या थंडीचा नसून बंद खोलीतील शेगडीचा असतो. उत्तर भारतात कोळशाच्या शेगडीला अंगीठी म्हणतात. ती खोलीत पेटवून दारे-खिडक्या लावून झोपल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना जवळपास प्रत्येक हिवाळ्यात घडतात. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. झोपेत असलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे आणि मळमळणे ही लक्षणे दिसताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गीझरही असाच घातक ठरू शकतो. विजेच्या हीटरवर कपडे वाळत घालू नयेत आणि झोपण्यापूर्वी तो बंद करावा. रात्रीच्या उबेसाठी कोरडे थर्मल, पायमोजे, कानटोपी आणि जाड रजई हाच सुरक्षित मार्ग आहे.

परतल्यानंतर

लोकरी कपडे घरी आल्यावर तसेच पेटीत टाकू नयेत. ते कोमट किंवा गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत आडवे पसरून वाळवावेत. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतो. पूर्ण कोरडे झालेले कपडे स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावेत. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत याची दक्षता घ्यावी. पावसाळा संपताच कपड्यांना एकदा ऊन दाखवावे. अशी निगा राखल्यास कसर लागत नाही, आणि वर्षातून चारच दिवस वापरला जाणारा स्वेटरही पुढील अनेक हिवाळ्यांत साथ देतो.