कलपाच्या डबीतली चिठ्ठी

केस रंगवायच्या डबीत ट्यूब, बाटली किंवा पावडरची पुडी असते, प्लास्टिकचे हातमोजे असतात आणि पातळ कागदाची एक घडी असते. ट्यूब लगेच उघडली जाते, हातमोजे कुठेतरी राहतात आणि घडी न उलगडताच केरात जाते. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका, धातूयुक्त कलपावर लावू नका, उरलेलं मिश्रण साठवू नका. कंपनीने अंग काढून घेण्यासाठी केलेली ही कागदी तजवीज, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा कळायला कलपाच्या कुळात मागे जावं लागतं. या चिठ्ठीतली एकेक ओळ रंगाच्या एकेका गुणातून निघाली आहे आणि काही ओळी कुणाचे डोळे गेल्यावर लिहिल्या गेल्या आहेत.

कलपाची अडचण पहिल्यापासून एकच आहे. केसावर फासलेला रंग धुतला की जातो. टिकायचा तर तो केसाच्या आत जायला हवा. आत जायचा तर त्याचे कण लहान हवेत, पण लहान कण जसे आत जातात तसेच बाहेरही येतात. म्हणून लहान कण आत सोडायचे आणि तिथे त्यांना मोठं करायचं, की मग त्यांना परतीची वाट राहत नाही. ही युक्ती सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिसते. ग्रहताऱ्यांच्या या पंडिताला पांढऱ्या डोक्यावर फुलं, अत्तर, वस्त्रं, दागिने काहीच शोभत नाही असं वाटे, म्हणून त्याने केस रंगवण्याची कृती तपशीलवार दिली आहे. कोद्रवाचे, म्हणजे हरकाचे, दाणे लोखंडी भांड्यात आंबट द्रवात लोहचूर्णासकट शिजवायचे, बारीक वाटायचे, आधी आंबट लावलेल्या केसांवर थापायचे आणि ओल्या पानांनी डोकं गुंडाळून दोन प्रहर बसायचं. मग तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पानं आणि पुन्हा दोन प्रहर. धुतल्यावर केस काळे. शेवटी लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवायला सुगंधी तेल-पाणी. म्हणजे ‘आधी काय, नंतर काय’ याची यादी कलपाइतकीच जुनी आहे.

या कृतीतलं काहीही शोभेपुरतं नाही. आंबटात लोखंड विरघळतं, त्याचा क्षार केसात मुरतो. मागून आवळ्यातली तुरट द्रव्यं येतात आणि लोखंडाशी संयोग पावून न विरघळणारा काळा रंग तयार होतो. लोखंड आणि हिरडा-माजुफळासारखी तुरट फळं यांच्यापासून जुन्या काळी शाई होई. कलमकारीतला काळाही लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून, हिरड्याचं पाणी दिलेल्या कापडावर उमटवला जातो. आजही घरोघरी मेंदी लोखंडी कढईत भिजते, तिच्यात आवळा पावडर आणि चहाचं पाणी पडतं. नुसती मेंदी केशरी-तांबडीच चढते. तिला गडद करतं ते कढईचं लोखंड. कढई कशाला, हे विचारल्यावर ‘रंग चढतो म्हणून’ एवढंच उत्तर मिळत असलं, तरी ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: जुनं ते नैसर्गिक आणि नैसर्गिक ते निर्धोक, बिघडलं ते केमिकलमुळे. रोमन जगाकडे पाहिलं की हा आक्षेप टिकत नाही. पहिल्या शतकातल्या प्लिनीने जळवा व्हिनेगरसारख्या आंबटात, शिशाच्या भांड्यात बरेच दिवस कुजवून करायचा कलप सांगितला आहे, आणि तो लावताना दात काळे पडू नयेत म्हणून तोंडात तेल धरावं अशी सूचनाही. चिठ्ठीतल्या सूचनांची ही बहुधा सर्वात गमतीदार पूर्वज. पण शिशाचं काम गमतीचं नव्हतं. फ्रान्समधल्या फिलिप वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की शिशाचं ऑक्साइड आणि विरलेला चुना यांचा जुना लेप केसाच्या प्रथिनातलंच गंधक घेऊन आत शिशाच्या सल्फाइडचे सुमारे पाच नॅनोमीटरचे काळे स्फटिक घडवतो. वराहमिहिराचीच युक्ती, फक्त लोखंडाच्या जागी शिसं. शिसं खाणीतून येतं, त्याहून नैसर्गिक काय असणार? तरीही ते विष आहे. हळूहळू केस काळे करणाऱ्या आधुनिक द्रवांतही शिशाचा क्षार असे. अमेरिकेने त्याची परवानगी रद्द केली ती 2018 मध्ये.

आजचा कलप मात्र वेगळ्या घराण्यातला आहे आणि त्याचं मूळ डांबरात आहे. 1856 मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून क्विनीन करायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. त्यानंतर डांबरातल्या ॲनिलीनपासून रंगांची रांग लागली. त्यातलं पॅराफेनिलीनडायअमाइन, ज्याला पुढे सगळे पीपीडी म्हणू लागले, स्वतः जवळजवळ बिनरंगी, पण ऑक्सिजन मिळाला की काळपट होणारं. 1883 मध्ये लिऑनच्या मॉने कंपनीने त्या कुळातल्या द्रव्यांचं पेटंट घेतलं. 1907 च्या सुमारास पॅरिसमध्ये यूजीन शुएलर या तरुण रसायनज्ञाने आपला कलप न्हाव्यांना विकायला सुरुवात केली आणि 1909 मध्ये कंपनी काढली. तिच्या नावाचा अर्थ होता ‘केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी’. पुढे तीच लॉरेआल झाली. निरुपद्रवीपणा पाटीवर लिहावा लागत होता, यावरून तेव्हा बाजारात काय विकलं जात असेल ते समजतं.

यंत्रणा मात्र जुनीच आहे. अमोनिया केसावरचे खवले उचलतो, पीपीडीचे लहान रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना ऑक्सिजन देतं आणि ते एकमेकांशी व सोबतच्या दुसऱ्या द्रव्याशी जुळून मोठे, रंगीत आणि अडकलेले होतात. चिठ्ठीतल्या बऱ्याच सूचना या एका वाक्यातून उलगडतात. दोन द्रव्यं वेगळी येतात, कारण एकत्र झाली की घड्याळ सुरू होतं. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवायचं नाही, कारण आत वायू साठून बाटली फुटू शकते. धातूचे क्षार असलेल्या कलपावर किंवा मेंदीवर हा रंग लावायचा नाही, कारण धातू पेरॉक्साइडला इतक्या जोराने फोडतात की केस तापून तुटू शकतात. कढईतली मेंदी वर्षानुवर्षं लावून एके दिवशी पार्लरमध्ये रंग करायला बसणाऱ्याने ते आधी सांगायला हवं, ते यासाठी.

पापण्यांची ओळ मात्र रसायनातून आली नाही. अमेरिकेत 1933 च्या सुमारास लॅश ल्युअर नावाचा पापण्या-भुवयांचा रंग विकला जाई. त्यात पीपीडी होतं. काहींचे डोळे गेले, मृत्यूही झाला. पण 1906 च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं बसतच नव्हती, त्यामुळे सरकारला तो रंग रोखता येईना. 1938 मध्ये नवा कायदा आला, तेव्हा केसांच्या डांबरी रंगांना एक सवलत मिळाली: डबीवर इशारा आणि आधी चाचणी करण्याची सूचना छापा, म्हणजे विका. आपल्याकडच्या 1945 च्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत पीपीडीच्या कलपासाठी जवळजवळ तेच शब्द आले आणि ते इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापायचे, असं बंधन आलं. म्हणजे ती ओळ तडजोडीतून आली हे खरं. कारखानदाराने बंदी टाळली आणि तपासणीचं काम गिऱ्हाइकाच्या कोपरावर ढकललं. तडजोड म्हणून ती ओळ निरर्थक ठरत नाही, उलट तीच एक तपासणी आपल्या वाट्याला उरली आहे.

‘वीस वर्षं लावतोय, काही झालं नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. पीपीडीची ॲलर्जी शरीर शिकतं. आधीच्या संपर्कांत ओळख पटते आणि नंतरच्या एखाद्या खेपेला तासाभरात नव्हे तर एक-दोन दिवसांनी डोकं, कान, पापण्या सुजतात. म्हणून चाचणीला 48 तास लागतात, दहा मिनिटांत काहीच कळत नाही. हाताला काढलेल्या ‘काळ्या मेंदी’त पीपीडी मिसळलेलं असलं तर तीही या शिकवणीत भर घालते. ‘अमोनिया-फ्री’ अक्षरांनीही हुरळू नये. वास कमी होतो, खवले उचलायला दुसरा अल्क येतो, पीपीडी असेल तर जागीच असतं. कर्करोगाचा प्रश्न विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2010 मध्ये फरक केला: स्वतःचे केस रंगवणाऱ्यांबाबत पुरावा निर्णय देण्याइतका नाही, सलूनमध्ये दिवसभर इतरांचे केस हाताळणाऱ्यांना धोका संभवनीय. ते हातमोजे ज्यांच्यासाठी आहेत तेच बहुधा ते घालत नाहीत.

रंगवल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, कारण न जुळलेले रेणू त्वचेवर राहू द्यायचे नसतात. मग किंचित आम्ल कंडिशनर, म्हणजे उचललेले खवले बसतात. गरम पाणी आणि रोजचा शाम्पू काही दिवस टाळायचा. केस निर्जीव असल्याने मुळांना यातलं काहीच कळत नाही, ती महिन्याला साधारण एक सेंटिमीटर पांढरा केस बाहेर ढकलत राहतात. तीन-चार आठवड्यांत भांग पांढरा दिसतो, नवी डबी येते आणि तिच्यातली चिठ्ठी मागल्यासारखंच सांगते: चाचणी करा, या खेपेलाही.