कॉम्प्युटर 'क्लीन' केला आणि आणखी स्लो झाला? पुढचं बटण दाबण्याआधी हे वाचा

जुलैचा शेवटचा आठवडा आहे. खरीप पीक विम्याचे अर्ज भरण्याची मुदत संपत आलीय. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावचं सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर सातबारा आणि पासबुक घेऊन शेतकऱ्यांची रांग लागलीय. आत टेबलावर सात-आठ वर्षं जुना कॉम्प्युटर. तो स्लो चालतो म्हणून केंद्रचालकाने आदल्या रात्री एक रील पाहिली. तीत सांगितल्याप्रमाणे एक फुकटचा 'पीसी क्लीनर' टाकला, टेम्पररी फाइल्स उडवल्या, 'नको असलेल्या' सर्व्हिसेस बंद केल्या.

सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायलाच आधीपेक्षा दुप्पट वेळ लागला. वर अंगठ्याचं मशीनही ओळखेना. आता काय करायचं? बहुतेक जण याच क्षणी दुसरा क्लीनर डाउनलोड करतात आणि बिघाड वाढवून बसतात.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. गावात दाखले, विमा, ई-केवायसी अशी कामं अनेकदा एकाच कॉम्प्युटरवर अवलंबून असतात. तो बंद पडला की तालुक्याला जाण्याची चक्कर आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. म्हणून बिघडलेली साफसफाई सावरायची कशी, हे नीट समजून घेऊया.

सगळ्यात आधी काय करायचं?

थांबायचं. आणखी काहीही डिलीट करायचं नाही.

त्यानंतर महत्त्वाच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्यायच्या. पुढचा कोणताही उपाय फसला तरी निदान डेटा हातात राहतो.

साफसफाईत कामाच्या फाइल्सच उडाल्या असतील तर आधी 'रिसायकल बिन' बघा. विंडोज 10 च्या 2018 मधल्या एका अपडेटनंतर 'डिस्क क्लीनअप'च्या यादीत 'डाउनलोड्स' फोल्डरही दिसू लागला होता. सगळ्या चौकटींवर टिक करणाऱ्यांचे दाखले आणि पावत्या त्यात गेल्या. रिसायकल बिनमध्ये फाइल नसेल तर त्या कॉम्प्युटरवर नवीन काही साठवू नका. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल लगेच पुसली जात नाही, त्यामुळे ती परत मिळण्याची शक्यता असते. एसएसडीवर ही शक्यता फार कमी असते.

साफसफाईनंतर कॉम्प्युटर स्लो का होतो?

कारणं दोन प्रकारची असतात: आपोआप बरी होणारी आणि न होणारी.

पहिल्या प्रकारात 'कॅश' येते. विंडोज आणि ब्राउझर वारंवार लागणाऱ्या गोष्टी हाताशी साठवून ठेवतात. 'प्रीफेच' फोल्डरमध्येही प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून नोंदी असतात. हे सगळं उडवलं की कॉम्प्युटरला पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव करावी लागते. सर्च इंडेक्स उडाला असेल तर तो नव्याने तयार होईपर्यंत डिस्क सतत चालू राहते. अशा वेळी कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला आणि दोन-तीन वेळा रीस्टार्ट केला तरी बराच फरक पडतो.

दुसऱ्या प्रकारात चुकीच्या सेटिंग्ज येतात. त्या आपोआप सुधारत नाहीत. बंद केलेल्या सर्व्हिसेस, उडालेले ड्रायव्हर, 'रजिस्ट्री'तल्या पुसलेल्या नोंदी, बंद केलेली व्हर्च्युअल मेमरी ही त्यातली नेहमीची उदाहरणं.

केलेले बदल मागे कसे घ्यायचे?

जे सगळ्यात शेवटी केलं, ते सगळ्यात आधी मागे घ्यायचं. आठवतं तेवढं कागदावर लिहून काढा आणि खालून वर या.

1. क्लीनर काढण्याआधी त्यात 'बॅकअप' किंवा 'रिस्टोअर' असा पर्याय आहे का ते पाहा. रजिस्ट्रीत बदल करण्याआधी बरेच क्लीनर जुन्या नोंदींची प्रत ठेवतात. ती परत आणा आणि मगच क्लीनर अनइन्स्टॉल करा.

2. दोन अँटीव्हायरस असतील तर एकच ठेवा. दोन्ही प्रत्येक फाइल तपासत बसले तर जुना कॉम्प्युटर गुदमरतो. विंडोजमध्ये स्वतःचा 'डिफेंडर' असतोच.

3. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' शोधा. 'जनरल'मध्ये 'नॉर्मल स्टार्टअप' निवडलं की तिथून बंद केलेल्या सर्व्हिसेस परत सुरू होतात.

4. त्याच खिडकीत 'बूट'मधले 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. 'प्रोसेसरची संख्या वाढवा, स्पीड दुप्पट' असं सांगणाऱ्या रील्स याच जागेबद्दल असतात. विंडोज एरवीही सगळे कोअर वापरतंच. या चौकटी फक्त मर्यादा घालतात. 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' आणि 'मॅक्सिमम मेमरी' या दोन्हींवरची टिक काढून रीस्टार्ट करा.

5. व्हर्च्युअल मेमरी बंद केली असेल तर ती पुन्हा 'ऑटोमॅटिकली मॅनेज' वर ठेवा. 4 जीबी रॅमच्या कॉम्प्युटरला तिची गरज सगळ्यात जास्त असते.

6. एवढं करूनही जमलं नाही तर 'सिस्टिम रिस्टोअर' उघडून साफसफाईच्या आधीची तारीख निवडा. कागदपत्रं आणि फोटो यात जात नाहीत. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मात्र जातात. ही सोय आधीपासून चालू असेल तरच जुनी तारीख दिसते.

विंडोजच्या फाइल्सच उडाल्या असतील तर?

सर्चमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, त्यावर राइट क्लिक करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. इथे दोन कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. पहिली 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ'. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडा. ही कमांड विंडोजचा मूळ साठा दुरुस्त करते आणि त्यासाठी सहसा इंटरनेट लागतं. दुसरी 'एसएफसी /स्कॅननाऊ'. ती त्या साठ्यातून खराब झालेल्या फाइल्स बदलते.

जुन्या कॉम्प्युटरवर या दोन्हींना अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. टक्केवारी एका जागी अडकलेली दिसली तरी मध्येच बंद करू नका. वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस असल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

मूळचा स्लोपणा कुठून आला?

केलेले बदल मागे घेतल्यावर कॉम्प्युटर आधी होता तिथे येतो. पण तो आधीही स्लोच होता. त्याचं कारण टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की तो उघडतो.

'डिस्क' सतत 100 टक्क्यांवर असेल तर बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क हेच कारण आहे. ती सेकंदाला विखुरलेल्या जागांवरचं वाचन साधारण शंभर वेळा करू शकते, तर एसएसडी हजारो वेळा. हा फरक कोणत्याही क्लीनरने भरून निघत नाही. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती शेवटच्या घटका मोजत असू शकते. आधी डेटा बाहेर काढा.

'मेमरी' सतत 85-90 टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. ब्राउझरचे वीस टॅब बंद करणं हा त्यावरचा फुकटचा उपाय. कायमचा उपाय म्हणजे रॅम वाढवणं.

'सीपीयू' विनाकारण वर असेल तर तो कोणता प्रोग्रॅम खातोय ते यादीत दिसतं. 'स्टार्टअप' टॅबमधून ओळखीचे पण रोज न लागणारे प्रोग्रॅम बंद करायला हरकत नाही. अनोळखी नावांना हात लावू नका.

सी ड्राइव्ह पूर्ण भरला असेल तर जागा करणं खरंच उपयोगाचं असतं. त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमधला 'स्टोरेज' विभाग पुरेसा आहे. 'विनएसएक्सएस' किंवा 'सिस्टिम32' हे फोल्डर मोठे दिसतात म्हणून हाताने डिलीट करायचे नसतात.

ब्रशने साफ केल्यावर स्लो झाला तर?

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा आणि धूळ कॉम्प्युटरच्या पंख्यातही बसते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणून धूळ काढणं योग्यच आहे. पण कॅबिनेट उघडून साफ केल्यावर कॉम्प्युटर स्लो झाला तर दोन गोष्टी तपासा.

एक म्हणजे रॅम. टास्क मॅनेजरमध्ये 8 ऐवजी 4 जीबीच दिसत असेल तर दोनपैकी एक पट्टी सैल झाली असेल. वायर काढून ती पुन्हा नीट बसवावी लागते. दुसरं, प्रोसेसरवरचा पंखा. तो हलला असेल तर त्याखालची थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागते. हे काम दुकानदाराकडून करून घेतलेलं बरं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा आणि ओलं कापड आत नेऊ नका.

सेवा केंद्र आणि डीटीपीवाल्यांसाठी

अंगठ्याचं मशीन चालण्यासाठी 'आरडी सर्व्हिस' नावाची सेवा मागे चालू असावी लागते. क्लीनरने ती बंद केली की मशीन जोडलेलं असूनही ओळखलं जात नाही. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन ती सुरू करा आणि 'ऑटोमॅटिक' वर ठेवा. ती यादीतच नसेल तर मशीनच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून पुन्हा टाका. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि प्रिंटरची 'प्रिंट स्पूलर' सेवा यांचंही तेच.

ब्राउझर साफ करताना सेव्ह केलेले पासवर्डही उडतात. सिंक चालू असेल तर ते इतर डिव्हाइसवरूनही जाऊ शकतात. म्हणून त्या चौकटीवर टिक करण्याआधी दोनदा विचार करा.

डीटीपीच्या दुकानात फॉन्ट उडाले तर जुन्या मराठी फाइल्समध्ये नुसती अगम्य अक्षरं दिसतात. मजकूर गेलेला नसतो. तोच फॉन्ट परत टाकला की तो वाचता येतो.

क्लीनर अ‍ॅप्सवर विश्वास ठेवावा का?

रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला पाठिंबा देत नसल्याचं मायक्रोसॉफ्टने आपल्या धोरणात स्पष्ट केलं आहे. नावाजलेलं अ‍ॅपही धोक्यापासून सुटलेलं नाही. 2017 मध्ये हॅकर्सनी 'सीक्लीनर'च्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला होता. तो सुमारे 22.7 लाख कॉम्प्युटरवर पोहोचला होता.

त्याहून मोठा धोका स्क्रीनवर येणाऱ्या 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशा खिडकीचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. अशा फोनवर कुणाला कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल तर इंटरनेट लगेच बंद करा. दुसऱ्या, सुरक्षित डिव्हाइसवरून बँकेचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा.

फॉरमॅट कधी मारायचा?

वरचं सगळं करून झाल्यावर. आधी 'रिसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय वापरून पाहा. त्यात तुमच्या फाइल्स राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. म्हणून अंगठ्याचं मशीन, टोकन, प्रिंटर आणि फॉन्ट यांचे इन्स्टॉलर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची रिकव्हरी कीही लिहून ठेवा.

आणि एक ध्यानात ठेवा: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील ज्या कॉम्प्युटरवर हाताळले जातात, त्याचा स्पीड बघताना सुरक्षा अपडेट येतात का, हेही बघायला हवं.

पुढच्या वेळी साफसफाईची रील समोर आली तर आधी रिस्टोअर पॉइंट तयार करा, एका वेळी एकच बदल करा आणि तो दिवसभर वापरून बघा. आणि मुदतीच्या आदल्या रात्री तर कशालाच हात लावू नका.