निरीक्षणगृह (वऱ्हाड)

निरीक्षणगृह : अपराधाचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना चौकशी पुरी होईपर्यंत ठेवण्याची निवासी संस्था. कायद्यात अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. लोकांच्या तोंडी संस्थेचे नाव अजून ‘रिमांड होम’ असेच आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, म्हणजे हरवलेल्या, टाकलेल्या वा निराधार मुलांसाठी बालगृह ही वेगळी संस्था असते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दोन्ही संस्था एकाच आवारात व एकाच अधीक्षकाच्या हाताखाली चालतात. प्रस्तुत नोंद अमरावती व अकोला या परिसरातील मुलांच्या संस्थांचा सेवकवर्ग आणि रोजचा कारभार यांपुरती आहे.

प्रशासन : जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, अमरावती येथील विभागीय उपायुक्त, पुण्याचे आयुक्तालय आणि मंत्रालय अशी साखळी आहे. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. न्यायालयीन देखरेख मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आहे. मुलाला ठेवायचे की सोडायचे, हे अधीक्षक ठरवत नाही. तो अधिकार बाल न्याय मंडळाचा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्या दोघांत किमान एक स्त्री असावी लागते.

पूर्वपीठिका : वऱ्हाडचा कारभार १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. प्रांताची सुधारशाळा जबलपूरला होती आणि तरुण गुन्हेगारांची बोर्स्टल संस्था नरसिंहपूरला. मध्यप्रांताच्या विधिमंडळाने १९२८ मध्ये बालक अधिनियम आणि बोर्स्टल अधिनियम असे दोन कायदे केले. मात्र वऱ्हाडवर निजामाचे नाममात्र स्वामित्व असल्याने प्रांतिक कायदे येथे वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत. १९३६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचा परिविक्षा अधिनियम आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आले. जबलपूर व नरसिंहपूर मध्य प्रदेशात राहिले. मुंबई राज्याची परंपरा निराळी होती. तेथे १८५७ पासून डेव्हिड ससून सुधारगृह होते, १९२४ चा बालक अधिनियम होता आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी होती. तुरुंगाच्या वळणाची एक व्यवस्था आणि स्वयंसेवी संस्थांच्या बळावर उभी राहिलेली दुसरी, अशा दोन चालींचा सांधा वऱ्हाडात आहे. अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

कायद्याची चौकट : पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तुरुंगांतील मुलांबाबत आदेश दिले. त्याच वर्षी पहिला देशव्यापी बाल न्याय अधिनियम संमत झाला. त्याने मुलग्यांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा अशी वयोमर्यादा ठेवली होती. २००० च्या अधिनियमाने ती सर्वांसाठी अठरा केली. सध्याचा अधिनियम २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. केंद्राचे नमुना नियम २०१६ चे व महाराष्ट्राचे नियम २०१८ चे आहेत. मुलाला चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते आणि तिला दोन महिन्यांची वाढ मिळू शकते. गंभीर आरोपांतील सोळा ते अठरा वयाच्या मुलांचा प्रश्न वादग्रस्त असून तो या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

सेवकवर्ग : केंद्राच्या २००७ च्या नमुना नियमांनी शंभर मुलांच्या संस्थेसाठी सुचवलेल्या आकृतिबंधात एक अधीक्षक, तीन परिविक्षा अधिकारी, दोन समुपदेशक, चार गृहपिता वा गृहमाता, भांडारपाल व लेखापाल मिळून एक, दोन स्वयंपाकी, दोन मदतनीस व दोन सफाई कर्मचारी होते. डॉक्टर, कला व व्यायाम यांचे शिक्षक आणि माळी अर्धवेळ. चार गृहपित्यांना तीन पाळ्यांत वाटले आणि एकाची साप्ताहिक सुटी धरली, तर रात्री शंभर मुलांमागे एक माणूस उरतो. हा हिशेब नियमांत कोठे मांडलेला नाही.

महाराष्ट्रात गृहपित्याच्या पदाला ‘काळजीवाहक’ म्हणतात. वरिष्ठ व कनिष्ठ असे त्याचे दोन स्तर असून दोन्ही गट ड मध्ये मोडतात. आयुक्तालयाने २०२४ मध्ये राज्यासाठी २३६ पदांची सरळसेवा भरती जाहीर केली. तीत परिविक्षा अधिकाऱ्यांची ७२, वरिष्ठ लिपिक व सांख्यिकी साहाय्यकांची ५६, कनिष्ठ काळजीवाहकांची ३६, स्वयंपाक्यांची ६ आणि वरिष्ठ काळजीवाहकांची ४ पदे होती. मुलांजवळ चोवीस तास असणाऱ्या आणि त्यांना जेवू घालणाऱ्या माणसांची पदे मिळून ४६ भरतात, म्हणजे लिपिकांहून दहा कमी.

अधीक्षकाने आवारातच राहावे, घर नसेल तर जवळपास राहावे, दिवसातून किमान दोनदा सगळी संस्था फिरून पाहावी आणि पाहणीची वेळ व निरीक्षण वेगळ्या वहीत लिहावे, असा नियम आहे. पाहायच्या गोष्टींत स्वच्छता, शिस्त, अन्नाचा दर्जा व प्रमाण, दवाखान्याची खोली, मुलांचे व सेवकांचे वागणे, सुरक्षा आणि दप्तर यांचा समावेश होतो. सेवकवर्गात संस्थेचा कणा मात्र परिविक्षा अधिकारी होय. त्याने पंधरा दिवसांत नमुना ६ मध्ये सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर कसे आहे, शाळा केव्हा सुटली, संगत कोणाची, घरचे परत घ्यायला तयार आहेत का, हे त्यातून कळते. मंडळाचा आदेश बव्हंशी त्यावर उभा राहतो. हा अहवाल टेबलावर बसून लिहिला गेला की पुढचे सगळे काम पोकळ होते.

मेळघाट : अमरावतीच्या परिविक्षा अधिकाऱ्याची कसोटी धारणी व चिखलदरा या तालुक्यांत लागते. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल या घाटरस्त्याने धारणी सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. गृहभेटीला पूर्ण दिवस जातो, आणि कुटुंब कामासाठी बाहेरगावी गेले असेल तर तो वायाही जातो. येथली कोरकू ही मुंडा कुळातील भाषा मराठीपासून सर्वस्वी वेगळी असल्याने घरातील वडीलधाऱ्यांशी बोलायला दुभाषी लागतो. नियमांत दुभाष्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात हे काम गावातल्या कोणा शिकलेल्या पोराकडून होते, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर कुटुंब किती मोकळे बोलणार? भेटीला येणाऱ्या आईबापांचीही अडचण अंतराचीच. एका भेटीसाठी मजुरी बुडते, त्यात बसभाड्याची भर.

दिनक्रम : उठणे, प्रार्थना, व्यायाम, न्याहारी, वर्ग, जेवण, कार्यशाळा, खेळ, दूरदर्शन, रात्रीचे जेवण, झोप. वेळापत्रक दर्शनी भागात लावलेले असते. निरीक्षणगृहाची खरी अडचण ते लागू करण्याची आहे. जामीन मिळेल तसतशी मुले जातात, नवी येतात. आठ दिवसांपूर्वीचा वर्ग आज तोच नसतो. त्यामुळे सलग अभ्यासक्रम रुजत नाही. कॅरम, क्रिकेट व चित्रकला तेवढी टिकते. मंडळापुढील हजेरीच्या दिवशी तर वेळापत्रक कोलमडतेच.

पाणी व उन्हाळा : पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने अकोला शहर काटेपूर्णा धरणाच्या पाण्यावर आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी साठवणुकीच्या टाक्या व कूलर हा कारभाराचा पहिला विषय बनतो. नियमांत प्रत्येक मुलामागे शयनगृहात चाळीस चौरस फूट जागा ठरवली आहे. मे महिन्यात ती पत्र्याखाली आहे की स्लॅबखाली, याला त्या आकड्याइतकेच महत्त्व आहे.

शिधा : या विषयाची कागदपत्रे सर्वांत तपशीलवार आहेत. २०१६ च्या नमुना नियमांनुसार रोज दरडोई तांदूळ, गहू, नाचणी वा ज्वारी ६०० ग्रॅम (सोळा ते अठरा वयासाठी ७०० ग्रॅम), डाळ वा कडधान्य १२० ग्रॅम, खाद्यतेल २५ ग्रॅम, कांदा २५ ग्रॅम, पालेभाजी १०० ग्रॅम, इतर भाजी १३० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, न्याहारीला दूध १५० मिलिलिटर आणि दही वा ताक १०० ग्रॅम असे प्रमाण आहे. हळद, धणे, लसूण, सुकी मिरची प्रत्येकी पाच ग्रॅम. शाकाहारी मुलांना आठवड्यातून एकदा गूळ व शेंगदाणे प्रत्येकी साठ ग्रॅम किंवा पनीर शंभर ग्रॅम. पन्नास मुलांचे निरीक्षणगृह धरल्यास रोज तीस किलो धान्य, सहा किलो डाळ व सव्वा किलो तेल भांडारातून निघाले पाहिजे. डाळमिलींच्या अकोल्यात तुरीच्या डाळीची उणीव भासण्याचे कारण नाही. कारण झालेच तर ते निविदेत किंवा उशिरा आलेल्या अनुदानात असते. ज्वारीची भाकर तक्त्यात बसते. पण ती थापायला वेळ व हात दोन्ही लागतात, म्हणून दोन स्वयंपाक्यांच्या स्वयंपाकघरात पोळी व भात पुढे सरकतात. पाच ग्रॅम हळदीची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेने भाकरी थापायला किती हात लागतात, हे मात्र लिहिलेले नाही.

दप्तर : प्रवेश व मुक्तता, मुलांची व सेवकांची हजेरी, वैद्यकीय तपासणी, आहार, साठा, रोकडवही, मुलांच्या वैयक्तिक वस्तू, अभ्यागत, बैठकांची इतिवृत्ते आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र नस्ती. शिवाय ऑनलाइन नोंदी. मुलाची ओळख उघड करण्यास अधिनियमाची मनाई आहे, म्हणून हे दप्तर संशोधकांना सहसा खुले नसते. वऱ्हाडातील संस्थांवरील लेखन त्यामुळे नियम, जाहिराती व न्यायनिर्णय यांवरच विसंबून राहते आणि प्रस्तुत नोंदही त्याला अपवाद नाही.

पळून जाणे : अधिनियमाच्या कलम २६ नुसार पळालेल्या मुलाला परत आणून मंडळापुढे उभे करायचे असते, पण पळण्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई होत नाही. मुलाच्या लेखी हा गुन्हा नव्हे. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या काळजीवाहकाला मात्र खुलासा द्यावा लागतो. मूल काही शिकले नाही, समुपदेशकाशी चार वाक्ये बोलले नाही, तर कोणाला नोटीस निघत नाही. एक मूल भिंतीवरून गेले की निघते. रोजच्या कारभाराचा तोल येथे ठरतो : कुलपे, दर पाळीची मोजणी, मैदानावर न सोडणे, आजारी मुलाला इर्विन रुग्णालयात वा अकोल्याच्या सर्वोपचारात न्यायला सोबत माणूस नाही म्हणून उद्यावर टाकणे. बडनेरा व अकोला ही मुंबई–हावडा मुख्य मार्गावरची स्थानके जवळ असल्याने पळालेला मुलगा तासाभरात जिल्ह्याबाहेर असू शकतो, हे सेवकांना ठाऊक असते. त्यांच्या कडकपणाला केवळ स्वभावाचा दोष मानणारे अहवाल ही बाजू गाळतात. अर्थात मारहाणीला ते समर्थन ठरत नाही. संस्थेतील शारीरिक शिक्षेला कलम ८२ नुसार पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आणि पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही अशी शिक्षा आहे.

मुली : मुलींच्या संस्थेत अधीक्षकासह सर्व सेवकवर्ग स्त्रियांचाच असावा लागतो.

देखरेख : जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी. व्यवस्थापन समितीची बैठक दरमहा. मुलांच्या वयोगटानुसार समित्या व सूचनापेटी. संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी मंडळे आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल कल्याण समित्या यांतील रिक्त पदे भरण्याचा आदेश दिला.

अठरा वर्षांनंतर : संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. अमरावती जिल्ह्यातच, अचलपूर तालुक्यातील वज्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी चालवलेल्या दिव्यांग बेवारस मुलांच्या बालगृहाने अठरा वर्षांच्या मर्यादेला उघड विरोध केला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दिव्यांगांना बाहेर काढू नये, यासाठी कायदा करावा अशी पापळकरांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.