समस्या-चौकट

समस्या-चौकट : सॉफ्टवेअरच्या गरजांचे विश्लेषण करताना पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या समस्यांचा प्रकार ओळखण्यासाठी वापरला जाणारा नमुना. इंग्रजीत ‘प्रॉब्लेम फ्रेम’ या नावाने रूढ असलेली ही संकल्पना ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मायकेल जॅक्सन यांनी १९९५ च्या ‘सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स अँड स्पेसिफिकेशन्स’ या ग्रंथात मांडली आणि पुढे ‘प्रॉब्लेम फ्रेम्स’ या स्वतंत्र ग्रंथात तिचा विस्तार केला. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीझ यांच्या १९९४ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेले रचना-नमुने (‘डिझाइन पॅटर्न्स’) उत्तराचे वर्गीकरण करतात, तर समस्या-चौकट प्रश्नाचे वर्गीकरण करते. हा भेद या संकल्पनेचा गाभा असून तो दुर्लक्षिला गेल्यास बाकीची मांडणी निरुपयोगी ठरते.

पूर्वपीठिका : गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये गणिती प्रश्नांचे ‘शोधण्याचे’ व ‘सिद्ध करण्याचे’ असे दोन वर्ग पाडून प्रत्येक वर्गाचे मुख्य घटक वेगळे दाखवले होते, जॅक्सन यांनी हाच विचार सॉफ्टवेअरला लावला. नमुन्यांच्या एकूण परंपरेचे श्रेय वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्याकडे जाते. त्यांच्या १९६४ च्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या ग्रंथाच्या परिशिष्टात सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याच्या पुनर्रचनेसाठी जातिव्यवहार, गुरेढोरे, सिंचन अशा विषयांवरील १४१ गरजा नोंदवून त्यांची चार मोठ्या व बारा लहान गटांत विभागणी केलेली आहे. गरजांचे एकमेकींशी असलेले संबंध तपासून गट पाडण्याचा इतका सविस्तर प्रयत्न भारतीय खेड्याच्या संदर्भात झाला होता, ही बाब भारतीय अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यावी अशी आहे.

स्वरूप : प्रत्येक चौकटीत यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक, त्याच्या बाहेरील जगाचे भाग आणि त्या जगात घडून यावी अशी गरज, असे तीन घटक असतात. बाहेरील भाग कारणबद्ध, सूचनाधीन किंवा शाब्दिक असू शकतात. मोटर कारणबद्ध असते, कारण वीज दिली की ती ठरल्याप्रमाणे फिरते. माणूस सूचनाधीन असतो, कारण त्याला सांगता येते पण त्याच्यावर सक्ती करता येत नाही. दस्तऐवज किंवा नोंदवही शाब्दिक असते. जॅक्सन यांनी पाच मूलभूत चौकटी सांगितल्या. अपेक्षित वर्तनाच्या चौकटीचे त्यांचे उदाहरण रस्तादुरुस्तीच्या वेळी एकेरी वाहतूक सोडणाऱ्या दिव्यांचे आहे. आज्ञापित वर्तनाच्या चौकटीत कालव्याचे दार चालकाच्या हुकमाने वर-खाली होते; येथे दार पूर्ण उघडलेले असताना पुन्हा ‘वर’ असा हुकूम आला तर मोटर जळू नये म्हणून तो नाकारावा लागतो, आणि नाकारण्याचा हा नियम गरजेतच लिहिलेला असावा लागतो. माहिती-प्रदर्शनाच्या चौकटीत जगाची स्थिती सतत दाखवली जाते, तर साध्या कामवस्तूच्या चौकटीत वापरकर्ता संगणकातील मजकूर घडवतो आणि बदलतो. पाचवी चौकट रूपांतराची; तिच्यात दिलेल्या मजकुरापासून ठरलेल्या नियमांनी दुसरा मजकूर तयार केला जातो.

महाराष्ट्रातील उदाहरण : राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी या विवेचनासाठी विशेष उपयुक्त आहे. गावनमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी, म्हणजे विदर्भात ज्याला आजही पटवारी म्हणतात तो, करीत असे. आता शेतकरी मोबाइलवरून गट क्रमांक, पीक व क्षेत्र भरून उभ्या पिकाचे छायाचित्र जोडतो. ही प्रणाली केवळ कामवस्तूच्या चौकटीत बसवली, तर शेतकऱ्याने भरलेला मजकूर नीट साठवला की गरज पूर्ण झाली असे ठरते. परंतु सातबाऱ्यावरील नोंद शेतातील पिकाशी जुळावी, ही खरी गरज माहिती-प्रदर्शनाची आहे, आणि त्या चौकटीत नोंद व वास्तव यांच्यातील दुवा किती विश्वासार्ह आहे हा प्रश्न टाळता येत नाही. येथे हा दुवा माणूस आहे. छायाचित्र, अक्षांश-रेखांश व पडताळणी यांची तरतूद त्याच्या सूचनाधीन स्वभावामुळे आवश्यक ठरते. नागपूर जिल्ह्यात कपाशीच्या तासांमध्ये तुरीची ओळ घेतली जाते, तेव्हा ‘निर्भेळ’ की ‘मिश्र’ ही निवड आणि प्रत्येक पिकाचे क्षेत्र हा केवळ मजकुराचा प्रश्न न राहता नोंद शेतातील वास्तवाशी जुळते का, असा प्रश्न होतो. काटोल-नरखेड भागातील संत्र्याच्या बागेत आंतरपीक असल्यास तोच पेच येतो. पीकविमा, नुकसानभरपाई आणि शासकीय खरेदी या नोंदींवर अवलंबून असल्याने चौकटीची निवड शेतकऱ्याच्या पदरात काय पडते याच्याशी थेट जोडलेली आहे.

संमिश्र समस्या : प्रत्यक्षातील बहुतेक प्रणालींमध्ये अनेक चौकटी एकत्र असतात, वरील उदाहरणात भरणे, दाखवणे आणि पडताळणे या तीन उपसमस्या वेगळ्या करून नंतर जोडाव्या लागतात.

मर्यादा : पाच चौकटी पुरेशा आहेत असा दावा जॅक्सन यांनीही केलेला नाही, आणि त्यांची संख्या किती असावी याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. थोड्या थोड्या अवधीने सुधारित आवृत्त्या काढणाऱ्या विकासपद्धतींत ही आखणी कितपत पेलते, यावरही मतभेद आढळतात.

ध्येयाधारित पद्धती : समस्या-चौकट समस्येच्या प्रकारापासून सुरुवात करते, तर गरजांच्या विश्लेषणाची आक्सेल व्हान लामस्वीर्डे यांची ‘काओस’ ही पद्धत ध्येयांपासून सुरुवात करते.