मेणबत्ती कोणाच्या हाती?

गेल्या डिसेंबरात एका विद्यार्थ्याच्या आग्रहाने मी वाशीला नाताळच्या उपासनेला गेलो. मी बौद्ध, मागच्या बाकावर बसलो. शेजारीच पाळकही बसले होते, कारण त्या संध्याकाळची उपासना तरुण पोरेच चालवीत होती. दिवे मालवले. एका मुलीने मराठीतून शास्त्रपाठ वाचला, आपल्या मेणबत्तीवर शेजारणीची पेटवली, आणि उजेड रांगेरांगेने आमच्यापर्यंत आला.

हा वाचणारा आवाज आला कुठून?

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आले. पुढे महारवाड्यांत त्याच्या शाळा निघाल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, त्यांची पोरे अक्षरे जोडू लागली आणि निरक्षर आईबापांना शास्त्र वाचून दाखवू लागली. पोरांनी वाचायचे, वडीलधाऱ्यांनी ऐकायचे, ही रीत जुनी आहे. नाशिकला काळारामाच्या दारात आपल्याला १९३० साली सत्याग्रह करावा लागला, हे आठवले म्हणजे तिचे मोल कळते.

परंतु मराठी ख्रिस्ती म्हटले की वाङ्मयेतिहासाला आठवतात त्या पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक. त्यांचे मोठेपण मान्यच. पण ज्यांनी खेडोपाडी मंडळ्या भरल्या, ती वाड्यांतली माणसे अनामिक राहिली. इतिहास लिहिणाऱ्यांची ही खोड आपल्याला नवी नाही.

बाबासाहेबांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती बांधवांना राजकारणाकडे केलेल्या दुर्लक्षाबद्दल खडसावले होते. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या. अपवाद काही शीख जातींचा. १९५६ साली सर्व दलित शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. धर्माची ही अट काढा, असे न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली सांगितले. त्यानंतर २०२२ साली पुन्हा नवा आयोग नेमला गेला! धर्म बदलला की जात जाते, असे कायदा मानतो. गावाने हे कधी मानले?

उपासनेनंतर चहा घेताना विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचे आजोबा नगरकडचे. पण इथे कोणी जात विचारत नाही, आम्हीही सांगत नाही." माझे आजोबाही तिकडचेच. त्यांनी दीक्षा घेतली, याच्या पणज्याने बाप्तिस्मा. वाडा एकच. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो शिष्यवृत्तीच्या जोरावर. हा मात्र पूर्ण फी भरतो.

आमच्यात हे अंतर कागदाने पाडले. आपण ते मनात का धरावे? त्यांच्या मंडळ्यांचा इतिहास हा वाड्यांचाच इतिहास आहे. तो आपण लिहिला पाहिजे. त्या मुलीसारखी वाचणारी माणसे तिथे आहेत. त्यांच्या हाती द्यायला आपल्यापाशी तो अजून नाही.