मॅकमधले आगंतुक

१९९१ च्या सिस्टम ७ मध्ये मॅक सुरू होताना बहुतेक एक्स्टेन्शन्सची चित्रं स्क्रीनच्या तळाशी ओळीने उमटायची. कोण आत आलं ते दिसायचं. नको असतील तर शिफ्ट दाबून धरा, सगळे बाहेर!

२००५ मध्ये टायगरबरोबर लाँचडी आलं. कारभार सुटसुटीत झाला, पण आगंतुक लायब्ररीतल्या लाँचएजंट्स, लाँचडीमन्स या फोल्डरांत दडले. मूळ प्रोग्रॅम उडवला तरी त्यांची फाईल मागे राहू शकते.

२०२२ च्या व्हेंच्युरापासून मॅक नव्या आगंतुकाची वर्दी देतो. सिस्टम सेटिंग्जमध्ये जनरल, मग लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स. नको त्याचं बटण बंद. एवढ्यासाठी १७ वर्षं! मी तर ही यादी अधूनमधून चाळतोच. मशीन आपलं, मग आत कोण बसलंय हे आपल्याला नको कळायला?