चरित्रसाधने, मध्ययुगीन गणितज्ञांची

ज्यांचे शास्त्रीय कार्य श्रेष्ठ मानले जाते, अशा काही विद्वानांच्या चरित्राची माहिती अत्यल्प आढळते. चरित्रसाधनांची विपुलता वा विरळता ही कर्तृत्वापेक्षा ग्रंथलेखनाच्या रूढी, राजाश्रय व लेखनसाहित्य यांवर अवलंबून असते. दुसरा भास्कराचार्य व संगमग्रामचा माधव (सु. १३४०–सु. १४२५) यांच्या तुलनेवरून हे स्पष्ट होते.

भास्कराचार्याने आपला जन्मशक १०३६ (इ. स. १११४) सिद्धांतशिरोमणि या ग्रंथात स्वतःच नमूद केला. त्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने खानदेशातील पाटण येथे मठ स्थापिला. त्यासंबंधीच्या इ. स. १२०७ मधील शिलालेखात या घराण्याची वंशावळ आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला.

केरळमधील माधवाला असे साधन लाभले नाही. परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराचे १० दशांश स्थळांपर्यंत अचूक मूल्य आणि ज्या व कोटिज्या यांच्या अनंत श्रेढी यांचे श्रेय त्याला दिले जाते. तथापि त्या विवरणारा त्याचा स्वतःचा ग्रंथ उपलब्ध नाही. वेण्वारोह व स्फुटचंद्राप्ति हे त्याचे उपलब्ध ग्रंथ चंद्राच्या गतिगणिताविषयीचे आहेत. श्रेढींची माहिती प्रामुख्याने नीळकंठ सोमयाजी, ज्येष्ठदेव व शंकर वारियर या उत्तरकालीनांच्या ग्रंथांतून मिळते.

यामागील कारणे परस्परांशी निगडित आहेत. दमट हवामानात ताडपत्रे फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे ग्रंथांच्या नकला पुनःपुन्हा कराव्या लागत. गुरूचे सिद्धांत शिष्याच्या नव्या ग्रंथात समाविष्ट झाले, की मूळ ग्रंथाची नकल करण्याची निकड उरत नसे. ज्येष्ठदेवाचा युक्तिभाषा (सु. १५३०) हा ग्रंथ मलयाळम् भाषेत असल्याने त्याचा प्रसार केरळपुरता मर्यादित राहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील चार्ल्स व्हिश याने सु. १८३४ मध्ये या श्रेढींकडे लक्ष वेधले. परंतु तिची दखल दीर्घकाळ घेतली गेली नाही. त्यांपैकी एक श्रेढी ग्रेगरी व लायप्निट्स यांच्या नावांनीच रूढ राहिली.

माधवाचे नाव टिकले, ते उत्तरकालीन ग्रंथकारांनी त्याचे ऋण नोंदविले म्हणून. जेथे अशी नोंद झाली नाही, तेथे सिद्धांत उरला आणि कर्ता अज्ञात राहिला. म्हणून साधनांच्या अभावावरून कर्तृत्वाचा अभाव अनुमानणे इतिहासलेखनात सदोष ठरते.